दुसऱ्या रांगेची चाल

शिंपीणबाईंनी नाताळचं ते बाळ येशूचं गीत उभ्या जन्मात मूळ चालीत गायलं नव्हतं. लग्न होऊन आल्या तशा त्या चर्चच्या क्वायरच्या दुसऱ्या रांगेत, खालच्या सुरात. चाल पहिल्या रांगेची, ह्यांनी खालून आधार द्यायचा. यंदा क्वायरच्या मास्तरांनी त्याच गीताची नवी मांडणी आणली. तिच्यात दुसरं कडवं एकट्या दुसऱ्या रांगेला, आणि तेही मूळ चालीत.

"शेंबड्या पोराला येते ती चाल," मास्तर म्हणाले. "शिकवायचं काय त्यात?"

पण तिसऱ्या ओळीला चाल वर चढते, आणि बाईंचा गळा सवयीनं खाली उतरायचा. त्यांच्या भरवशावर गाणाऱ्या रांगेतल्या दोघीही मागोमाग खाली. दर तालमीला तेच. शेवटी मास्तर म्हणाले, "शनिवारी जमलं नाही, तर कडवं पहिल्या रांगेला."

बाईंचं कशात लक्ष लागेना. बाही उलटी जोडली, उसवली, पुन्हा उलटीच जोडली. प्रार्थनेला डोळे मिटले की तीच ओळ. अखेर अभिमान गिळून त्या पहिल्या रांगेतल्या धाकट्या जावेकडे गेल्या.

"मला चाल शिकव गं."

"अहो ताई, तुम्हाला? आणि मला मिळणारं कडवं मीच घालवू होय?" जाऊ भांडी विसळत म्हणाली. मग हात पुसले. "बरं, तुम्ही वरचं गा. मी तुमचं खालचं धरते."

ते तिलाही धरता येईना. दर ओळीला ती चालीवरच येऊन बसायची. "एवढी वर्षं हे कसं गाता हो? तोंडातलं कुणीतरी ओढून घेतंय असं वाटतं."

"मला तुझ्या चालीत तसंच होतं."

संध्याकाळपर्यंत दोघींनी घसा कोरडा केला.

शनिवारी तिसरी ओळ आली. बाई वर गेल्या, दोघीही गेल्या. खालून आधाराला कुणीच नव्हतं. कठडा नसलेल्या गच्चीवर आल्यासारखं त्यांना वाटलं. तरी कडवं पार पडलं.

"राहू दे तुमच्याकडेच," मास्तर म्हणाले.

बाहेर जावेनं विचारलं, "मग, जुनी मांडणी बरी की ही?"

"जुनीत बाळाला सगळ्यांनी कुशीत घेतल्यासारखं वाटतं," बाई म्हणाल्या. "हिच्यात ते गोठ्यात एकटं पडलंय. तेही खरंच की. पण जीव थाऱ्यावर राहत नाही बघ. चल, घरी जाऊन आणखी एकदा म्हणू."