सहज आलतो

उलव्याच्या आमच्या सोसायटीत, समोरच्या फ्लॅटमध्ये जोतीरामकाका एकटेच राहतात. मूळचे साताऱ्याकडचे. जासईच्या कंटेनर यार्डात तीस वर्षं इंग्रजी कागद लिहून निवृत्त झालेले. काकू घरी मशीनवर स्वेटर विणायच्या. जानेवारीत त्या गेल्या, तेव्हा काकांचा निळा स्वेटर मशीनवर अर्धाच राहिला. आता ते मशीन रविवारी गावच्या बचतगटाला जाणार होतं, आणि स्वेटर नुसता ओढून काढला तर सगळा उसवला असता.

त्या आठवड्यात काका तीनदा आमच्या दारात आले. "सहज आलतो, ताई." मी घरूनच ऑफिसचं काम करते. कानातला हेडफोन न काढताच मी मान हलवायचे. मनात म्हणायचे, रिकामा माणूस, वेळ जात नसेल. ते दोन मिनिटं उभे राहून परत जायचे.

चौथ्यांदा मात्र फोन पुढे धरूनच आले. मशीनवर विणणाऱ्यांच्या एका परदेशी ग्रुपवर त्यांनी लिहिलं होतं, 'नमस्कार. सगळे बरे आहात ना? घरची मंडळी कशी आहेत?' दोन दिवस कुणी दाद दिली नाही. तिसऱ्या दिवशी ग्रुप चालवणाऱ्या बाईंनी बजावलं, नुसता नमस्कार टाकू नका, प्रश्न विचारा, लोकांचा वेळ जातो.

"हाकललंच की मला," काका म्हणाले. "दारात गेल्या गेल्या मागायचं असतंय व्हय? आधी बसावं, चार शब्द बोलावं, निघताना इषय काढावा."

मला हसू आलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली. तीनदा आले, पण मी त्यांना बसा म्हटलंच नव्हतं.

मशीनचा फोटो काढून मी दोन ओळींत प्रश्न टाकला. तासाभरात अकरा उत्तरं. दाभणात पांढरी लोकर ओवा, प्रत्येक टाक्यातून फिरवा, मग स्वेटर उतरवा. दुपारभर आम्ही तेच केलं. एकही टाका सुटला नाही. काकांनी तो अर्धा तुकडा छातीला लावून पाहिला. "मापाचा हाय," म्हणाले. मला रडू आवरेना.

संध्याकाळी त्यांनी ग्रुपवर लांबलचक आभार लिहिले. स्वेटर कुणी विणला, टाके मोजताना काकू कुणाशी बोलायच्या नाहीत, हे सगळं. शेवटी प्रत्येकाला विचारलं, तुमचं गाव कोणतं, घरी कोण कोण असतं? सकाळी खाली ग्रुपवाल्या बाईंची एकच ओळ होती, 'प्रश्न सुटला. चर्चा बंद.' काकांनी मला ती दाखवली आणि फोन खिशात ठेवला.

रविवारी मशीन गेलं. सोमवारी कॉल संपवून मी त्यांची बेल वाजवली.

"सहज आले, काका."

ते दारातच उभे राहिले.

"बोला ताई. काय काम होतं?"