ईस्टचे माहेर

पूर्वेला इंग्रज ‘ईस्ट’ म्हणतो, तो शब्द मूळचा कुठला, या प्रश्नाचे उत्तर शोधायला मी निघालो आणि आमच्या शेजारच्या सरांपाशी येऊन थांबलो. कारण शब्दांचे कूळ इतक्या आपुलकीने विचारणारा दुसरा माणूस अख्ख्या अहमदपुरात नसेल. सर इंग्रजीचे निवृत्त शिक्षक. भाजीवाली बटाटे तोलू लागली की हे सांगत, “मावशी, हे नाव पोर्तुगीजांकडून आलेलं हाय बरं!” ती म्हणे, “आसंल बाबा. पिशवी धरा.”

माणसांचे कूळ मात्र सरांनी कधी विचारले नाही. लेकीने देगलूरचा, दुसऱ्या जातीचा मुलगा निवडला तेव्हाही ते एवढेच म्हणाले, “पोरगा सरळ हाय.” पण सोयरीक भावकीसमोर पक्की करायची, ही रीत. निलंग्याहून त्यांचे थोरले बंधू आले आणि बैठकीत कडाडले, “कुळाचा पत्ता न्हाई अन् लेक देऊन राहिलास?”

लेकीवर थोरल्या हाताच्या अक्षता पडणार नाहीत, या धास्तीने सरांचा चेहरा उतरला. आणि मग त्यांच्याच हातून घडावी अशी चूक त्यांनी केली: उत्तर म्हणून आतून जाडजूड शब्दकोश आणला.

“दादा, हे ईस्ट अन् आपली संस्कृतातली उषा एकाच घरच्या. उजेड फुटणं, हे दोघींचं मूळ. एक समुद्रापल्याड नांदली, एक इथं राहिली. आता परकं कुणाला म्हणावं?”

“येड्या, सोयरीक जमवून राहिलो का शाळा भरवून?” दादांनी पिशवी उचलली आणि चहा तसाच टाकून एस.टी. गाठली.

लग्नाच्या दिवशी सरांचे डोळे मांडवाच्या दाराकडेच लागले होते. मंगलाष्टके सुरू झाली, तेव्हा अगदी मागच्या ओळीत दादा दिसले. मूठ अक्षतांनी भरलेली. पंगतीत सरांच्या शेजारी बसून त्यांनी हळूच विचारले, “अन् ते वेस्टचं कूळ कोणतं रं?”

“संध्याकाळच्या घरचं, दादा,” एवढे सांगून सरांनी वाढप्याला दादांच्या पानाकडे बोलावले.

आता लेक देगलूरला नांदते. सरांची अंगणातली खुर्ची पूर्वी रस्त्याकडे तोंड करून असे. ती आता उगवतीकडे, म्हणजे देगलूरच्या दिशेला, वळली आहे. पहाटे ते तिथे एकटेच बसलेले दिसतात. शब्दांविषयी हल्ली फारसे बोलत नाहीत.

वाचकहो, सरांवर माझा लोभ आहे. तेव्हा माझ्या साक्षीवर विसंबू नका. एखाद्या चांगल्या व्युत्पत्तिकोशात ईस्ट आणि उषा हे दोन्ही शब्द आपण स्वतः पडताळून पाहावेत, ही विनंती.