मामांच्या दातात भरलेला मसाला

कॉलेजात शिकवतात, दात कुठला आणि त्यावर जोर किती ते पाहून मटेरियल निवडा. खरं सांगू? आमच्यासारखे छोटे दवाखाने चालवणारे पुष्कळदा कपाटात काय उघडं पडलंय ते आधी पाहतात. बोलत कोणी नाही. मी बोलते, कारण त्यापायी मी माझ्या सख्ख्या मामांचं वाटोळं केलं.

मामा आमगावजवळच्या एका राइस मिलमध्ये धान पाहायला होते. शेतकऱ्यानं पोतं उघडलं की एक दाणा समोरच्या दातांत धरून चावायचा. कट् वाजला तर वाळलेला, दबला तर ओला. मामा ‘ओलं आहे’ म्हणाले की शेठसुद्धा वाद घालत नसे. जन्मभर चावून चावून त्यांच्या वरच्या दाताचा कोपरा उडाला आणि हंगामाच्या तोंडावर ते माझ्याकडे मसाला भरून घ्यायला आले.

माझ्याकडे कॉम्पोझिटच्या, म्हणजे त्याच मसाल्याच्या, दोन ट्यूबा होत्या. एकीतलं चिवट, जोर सोसणारं, पण ती नवीकोरी, सीलबंद. दुसरीतलं दिसायला देखणं, मस्त चकाकणारं, पण काठावर ताण आला की टवका उडणारं. ती उघडलेली होती आणि तिची मुदत महिनाअखेरीस संपत होती. मामा त्या दातानं काय करतात हे माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. लहानपणी त्यांच्याशेजारी बसून मीही दाणे चावलेत. तरी मी चकाकणारंच भरलं. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, आणि मी दातांची डॉक्टर नेमकं तेच करत बसले! ‘जपून चावा’ एवढंही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर त्यांनी ‘काऊन?’ विचारलं असतं, आणि मला कारण सांगावं लागलं असतं.

दिवाळीनंतर मिलमध्ये आवक वाढली, आणि एका दुपारी दाणा चावताना मी भरलेला तुकडा निघून आला. मामांनी कोणाला सांगितलं नाही. तुटक्या दातानं अंदाज चुकला, ओलं धान वाळलेलं म्हणून आत गेलं आणि थप्पीत तापून काळं पडलं. शेठनं ओलावा मोजायचं मशीन आणलं. मामांना पोत्यांची तोंडं शिवायला बसवलं.

त्यानंतर ते दवाखान्यात आले. खुर्चीत बसायच्या आधी त्यांनी मला हात जोडले. मला, भाचीला!

“बाई, तू त् एवढं मन लावून बनवली होतीस. मीच तोडून टाकलो. माफ कर मले.”

मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं काय ते ओठांवर आलं होतं. पण दार उघडं होतं आणि बाहेर पेशंट बसले होते.

“मामा, जपायला पाहिजे होतं तुम्ही,” मी म्हणाले.

“हो ना बाई,” ते म्हणाले, आणि आ करून बसले.