गुरुजींनी मला शांताच्या बाजूनं बोलायला लावलं

आमच्या बोरगावच्या दामोदर गुरुजींची ओळख झाली ती बकरीमुळे. गुरुजी तेव्हा नवीनच बदलून आले होते. ओट्यावर पेपर ठेवून ते आत गेले आणि आमच्या बकरीनं तो खाल्ला. मी घाबरत माफी मागायला गेले, तर म्हणाले, "असू द्या. अर्धा मी वाचला होता, उरलेला तिनं वाचला." असे आमचे गुरुजी आता पंच्याहत्तरीचे झाले. चौथी शिकलेल्या बाईला त्यांच्या या गौरवग्रंथात लिहायला लावलं, हे धाडसही त्यांचंच.

वाचनालयात ते दर रविवारी चर्चा भरवतात. नियम एकच. आधी समोरच्याची बाजू मांडायची, त्यानं मान डोलावली की मग आपली. बायका मात्र दाराशी बसून नुसतं ऐकायच्या.

यंदा विषय निघाला, देशाच्या संरक्षणावरचा खर्च वाढवावा की नाही. माझा धाकटा फौजेत. मी दारातूनच ओरडले, "वाढवाच!"

शेजारची शांता म्हणाली, "अन् दवाखान्यात डॉक्टर नाही, त्याचं काय वं? माह्या सुनेले अडल्या वेळी नागपूरले न्या लागलं."

"तुह्या घरचं कोणी सीमेवर असतं तं समजलं असतं!"

झालं. रोज विरजणाला वाटी घेऊन येणारी माझी जन्माची मैत्रीण बोलेनाशी झाली. आठ दिवस मला भाकर गोड लागली नाही.

पुढच्या रविवारी गुरुजी दाराशी आले. "बाई, आत या. शांताबाईंची बाजू तुम्ही मांडा." आणि स्वतः माझ्या जागी, दारात बसले!

मी आत जाऊन उभी राहिले. नागपूरला नेताना जीपमध्ये शांताच्या सुनेचं डोकं माझ्याच मांडीवर होतं, ते कसं विसरू? तेच सांगितलं. म्हटलं, "राखण करायची तं आतलं माणूस आधी जगलं पाहिजे." शांतानं मान डोलावली.

मग ती उठली. "हिच्या पोराले बर्फात चांगले बूट पाहिजे, चांगली बंदूक पाहिजे. तो घरी परत आला पाहिजे. म्या त्याले कडेवर खेळवलं हाय."

मी मान डोलावली, पदर डोळ्यालाच होता. टाळ्यांनी वाचनालय दणाणलं!

खर्चाचं काही ठरलं नाही. दिल्लीत तरी कुठं ठरून राहिलं? पण संध्याकाळी शांता दारात हजर, "विरजण हाय काय वं?" आता आम्ही बायका पहिल्या रांगेत बसतो, आणि बोलतो.

गुरुजी, तुम्ही धडधाकट शंभरी गाठा. एवढ्या एका गोष्टीत मात्र दुसरी बाजू मांडायला सांगू नका. माझ्यानं व्हायचं नाही.