शेवटची चार मिनिटं

ही गोष्ट सांगायचं मी पंचवीस वर्षं टाळलं. आमच्या रविवारच्या बैठकीतलं कुणी जुनं भेटलं की पेटीवाल्यांचा विषय निघतोच. "माणूस एकाएकी गप्पच झाला," असं कुणीतरी म्हणतं, आणि मी चहाचं बघायला आत जातो. ते गप्प का झाले, हे मला माहीत आहे. मीच त्यांना गप्प केलं.

नव्वदीच्या शेवटाकडची वर्षं. साताऱ्यात माझ्या घरी महिन्यातल्या एका रविवारी दुपारी सात-आठ जण संगीत ऐकायला जमायचे. कचेरीत मी धरणा-कालव्यांचे नकाशे काढणारा साधा माणूस होतो, पण त्या खोलीत मला मान होता. सीडी प्लेअर माझा, टेपडेक माझा, स्पीकर माझे. मेहुणा बोटीवर नोकरीला होता. तो परदेशी संगीत आणायचा आणि मी ते सगळ्यांना समजावून द्यायचो.

पेटीवाले सांगलीहून एसटीनं यायचे. तिथे त्यांचं हार्मोनियम दुरुस्तीचं दुकान होतं. आमच्यातल्या एका डॉक्टरांची पेटी नीट करायला म्हणून आले आणि मग येतच राहिले. शाळा चौथीपर्यंत. दाराजवळ भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकायचे.

एकदा मेहुण्यानं दोन सीडींचा एक डबल अल्बम आणला. युरोपातला नव्या दमाचा प्रोग्रेसिव्ह रॉक बँड होता. गिटार आणि ड्रम्स होतेच, पण बांधणी सिंफनीसारखी; वीस-पंचवीस मिनिटांचं एकेक गाणं, मध्येच बासरी, मध्येच चर्चमधल्यासारखा ऑर्गन. मी तो महिनाभर रोज ऐकला, पुस्तिका वाचली, टिपणं काढली. बैठकीत पहिली सीडी लावली आणि संपल्यावर बोलायला वही उघडली.

तेवढ्यात दाराजवळून आवाज आला, "भाऊसाहेब, सुरुवातीला बासरीवर चार सुरांचं वळण आलं हुतं, ध्यानात हाय का? तेच आत्ता खालच्या सुरात, उलटं वाजलं."

मी सीडी मागे नेली. तसंच होतं. महिनाभर ऐकून मला ते कळलं नव्हतं, आणि या माणसाला एकदाच ऐकून कळलं. सगळे माझ्याकडे पाठ करून त्यांच्याकडे वळले.

"दुसऱ्या सीडीत काय होईल मग?" डॉक्टरांनी विचारलं.

"आगदी शेवटाला ते वळण सरळ होऊन परत येणार बघा. सगळी वाद्यं मिळून वाजवतील. ह्यो माणूस सूर असा वाटंवर टाकून जायचा न्हाई."

माझी वही मांडीवर उघडीच राहिली. दुसरी सीडी मी ऐकलेली होती. शेवटची चार मिनिटं अगदी ते म्हणाले तशीच होती.

निघताना त्यांनी दोन्ही सीडींची कॅसेट करून मागितली. "पुढचं तुमी वाजवायच्या आत ऐकतो. धीर धरवंना."

मी कॅसेट केल्या. शेवटच्या गाण्यात ते वळण परत यायच्या जरा आधी रेकॉर्डिंगचा नॉब हळूहळू शून्यावर आणला. घाईत तुटल्यासारखं वाटू नये, बँडनंच तिथे संपवल्यासारखं वाटावं, म्हणून तीनदा पुसून पुन्हा केलं. नकाशावर रेघ ओढताना माझा हात इतका स्थिर नसायचा. एक प्रत पोस्टानं सांगलीला पाठवली, एक माझ्याकडे ठेवली.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत दुसरी सीडी अडकते असं सांगून मी तीच कापलेली कॅसेट लावली. गाणं विरलं तसे डॉक्टर हसले. "काय पेटीवाले, परत येणार होतं ना? एसटी चुकली वाटतं त्याची!"

खोली हसली. मीही हसलो. पेटीवाले म्हणाले, "व्हय, चुकलंच माझं." मग मी वही उघडली आणि असा अपुरा शेवट करण्यात किती धाडस असतं, यावर दहा मिनिटं बोललो. माझी ती दुपार फार सुखात गेली.

सगळे गेल्यावर चपला घालता घालता ते हळूच म्हणाले, "पुढची कोरी टेप बी मी शेवटपातूर ऐकली. म्हटलं, उशिरा येत आसंल."

त्यानंतरही ते वर्षभर येत राहिले. पण कुणी काही विचारलं की म्हणायचे, "मी आपला पेटी दुरुस्त करणारा. मला काय कळतंय त्यातलं." पुढे यायचेही थांबले.

तेव्हा मी सांगलीला जायचं ठरवलं. पिशवीत दुसरी सीडी आणि कॅसेटवर घेतलेली ती चार मिनिटं होती. काय बोलायचं ते इस्लामपूरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा मनात पक्कं केलं.

दुकानात ते एका गिऱ्हाइकाच्या पेटीच्या रीड तपासत होते. मला बघून हरखले. "आवं भाऊसाहेब! बसा, बसा." मग जरा लाजत म्हणाले, "पेटी तयार झाली की मी आताशा हेच वाजवून बघतो. हीच ती माझी चूक." आणि भाता हलवत त्यांनी ते चार सूर घेतले, सरळ, संथ, आणि शेवटापर्यंत नेले.

ते शेवट वाजवत होते, कधीच न ऐकलेला. बँडकडे वीस वाद्यं असतील, इथे एक जुनी पेटी होती, तरी मला हा शेवट जास्त खरा वाटला. घशापर्यंत आलेलं वाक्य तिथेच थांबलं, कारण लाज वाटायच्या आधी पुन्हा तीच जळजळ उठली. "छान आहे," एवढंच म्हणालो. चहा प्यायलो आणि पिशवी न उघडता दुपारच्या गाडीनं परत आलो.

त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. कॅसेट माझ्याकडेच आहे. इस्लामपूरच्या स्टँडवर पक्कं केलेलं वाक्यही अजून जसंच्या तसं आठवतं: पेटीवाले, तुम्ही चुकला नव्हता. ते परत येतं. मी कापलं होतं, मला माफ करा.