आण्णांच्या पेशींवर कुपवाडची धूळ

आज सकाळी मी माझ्या मेलेल्या वडिलांच्या पेशींवर धूळ टाकली.

दचकू नका. माझं कामच ते आहे.

आण्णांना जाऊन आज वर्ष झालं. पण त्यांच्या श्वासनलिकेतून तपासणीच्या वेळी ब्रशने काढलेल्या थोड्या पेशी आमच्या पुण्याच्या लॅबमध्ये फ्रीझरला होत्या.

त्या मी छोट्या कपात वाढवल्या. खाली पोषक पाणी, वर मोकळी हवा. हळूहळू त्यांचं आपल्या छातीत असतं तसं अस्तर तयार झालं. त्यावर बारीक केस आले आणि हलायला लागले. आत आलेली धूळ बाहेर ढकलणं हेच त्या केसांचं काम.

माणूस गेला आणि हे चालूच. पेशी उबेत ठेवायचा इन्क्युबेटर उघडला की रोज मी आधी ते केस हलताहेत ना, ते बघायची.

आण्णा सांगलीजवळ कुपवाडला फाउंड्रीत होते, लोखंड ओतायच्या कारखान्यात, साच्यांच्या वाळूच्या खात्यात. उभा जन्म त्या धुळीत गेला. पेशी संशोधनाला द्यायच्या कागदावर सही करताना म्हणाले होते, माजं काय व्हायचं ते झालं, मागनं येणाऱ्या पोरांस्नी उपयोग झाला तर बघ. वर चेष्टा, "पर खोकला तेवढा ठिवून घिऊ नगंस."

हा कप फ्रीझरमधल्या शेवटच्या ट्यूबमधून वाढवलेला होता. त्यांच्याच फाउंड्रीतून आणलेली धूळ दिली की संपलं. मग आण्णांचं जिवंत असं कुठेच काही उरणार नाही.

हात धजेना. आईला सांगलीला व्हिडिओ कॉल लावला, मायक्रोस्कोपचा स्क्रीन दाखवला.

ती बघतच राहिली. वाऱ्यावर जोंधळा डुलावा तसं चाललं होतं.

"ह्येंचंच हाय?"

"हो."

"धूळ टाकल्यावर त्यास्नी तरास व्हईल का गं?"

"नाही आई. दुखणारं त्यात काही नाही."

"मग रडतीस कशाला? त्येंनी त्याच्यासाठीच दिलंया न्हवं?"

मग तीच म्हणाली, "दे."

दिली.

केस धूळ ढकलत राहिले. लय ढकललं ओ त्यांनी. दुपारनंतर जोर कमी झाला. मग एकेक कोपरा थांबत गेला.

मला सारखं आमचं दार दिसत होतं.

आण्णा कामावरून आले की आई त्यांना उंबऱ्याबाहेरच थांबवायची. टॉवेलनं शर्ट झाडायची, डोकं झाडायची, हातपाय धुवायला लावायची. लेकरं हायत घरात, धूळ भाईरच राहू दे, म्हणायची. आण्णा दोन्ही हात पसरून उभे. आम्ही आतून बघायचो.

घरात कधी धूळ आली नाही. ती सगळी आण्णांच्या छातीत होती.

आता आईचा फोन येऊन गेला. झालं का, एवढंच विचारलं. झालं म्हटलं.

म्हणाली, "दार उघडंच ठिवलंया मी आज."

आण्णा, शर्ट झाडायचं राहू द्या.

तसेच आत या.