मारुतीच्या पायरीपर्यंत

मिसरूड फुटायच्या आधीपासून मी लग्नाच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवतोय. अमळनेरात आमचा बँड कुणालाही विचारा. आधी पाठीशी नुसता ढोल असायचा. मग गाडीवर भोंगे आले, मग माणसाएवढे स्पीकर आले आणि माझे कान गेले. जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी मशीन दिलं. ते वरातीत असल्या शिट्ट्या मारायचं की खिशात टाकलं ते टाकलंच.

लोक विचारतात, मग सूर कसा लागतो? अहो, सूर मला दातांत कळतो आणि ठेका पाठीत. ढोलवाला मुद्दाम माझ्या पाठीला लागून चालतो.

पण बँडचा मालक, माझाच पुतण्या, माझ्याच हाताखाली शिकलेला, यंदा मला म्हणतो, "नाना, शिंदखेड्याची वरात शेवटची. मग दुकानात बसा, लग्नांच्या सुपाऱ्या घ्या." असा राग आला! दुकानात लावून ठेवायला मी काय भिंतीवरचा फोटो आहे? पण मालक तो.

आमच्यात एक नियम आहे. नवरदेव घोड्यावर बसला की मारुतीच्या पायरीवर उतरेपर्यंत वाजवणं तुटू द्यायचं नाही. तुटलं की अपशकुन, शिवाय गावभर बोभाटा. शेवटची तर शेवटची, म्हणून मी जीव ओतून वाजवलं. पायरी आली, नवरदेव उतरला, मी मागे वळलो. गाडीवरची पोरं हात बांधून उभी. नवरदेवाचे आबा माझ्या कानाशी ओरडले, "नाना, जनरेटर तं बाजारमाच बंद पडना!"

म्हणजे स्पीकर गेले, कीबोर्ड गेला, स्पीकरच्या भरवशावर वाजवणारे बाकीचे ट्रंपेटवालेही थांबले. मला कशाचाच पत्ता नाही, मी आपला चालूच. मला बघून ढोलवाल्याने हात थांबवला नाही, आणि मग एकेकाने ट्रंपेट परत ओठाला लावला.

"नाना, घाबरला नाहीत?" पुतण्याने हातवारे करून विचारलं.

"घाबरायला आधी कळायला नको का?"

तो खो खो हसला, आणि सगळ्या वऱ्हाडासमोर वाकून माझ्या पाया पडला. खोटं कशाला बोलू, छाती फुगली माझी.

पुढचं लग्न नशिराबादचं. मी न विचारता पुढे जाऊन उभा राहिलो. पुतण्या पोरांना काहीतरी सांगत होता. ऐकू कुठलं येतंय, पण ओठ मला वाचता येतात.

"स्पीकरकडे नका बघू. नानांकडे बघा."